एका डॉलरची क्रेन



"आठवणी सगळेच लिहिणार आहेत, तू जरा वेगळं काहीतरी दे," असं स्मरणिकेच्या संपादकांनी मला बजावलं आहे. तेव्हा ही गोष्ट आपल्या शाळेची नाही आणि मुंबईचीही नाही. स्वीडनच्या दक्षिण टोकाला माल्मो नावाचं शहर आहे, तिथल्या एका जहाजबांधणी कंपनीची ही गोष्ट. कंपनीचं नाव कोकम्स. नाव वाचून ज्यांना सोलकढी आठवली त्यांच्यावर मी हसणार नाही. मलाही तीच आठवली होती.

कामानिमित्त मी दोन वर्षं माल्मोत राहिले. ऑफिसने दिलेलं घर समुद्राकाठच्या नव्या वस्तीत होतं. वस्तीचं नाव वेस्त्रा हाम्नेन, म्हणजे पश्चिम बंदर. काचेच्या इमारती, सायकलींचे रस्ते, समुद्रात उतरणाऱ्या लाकडी पायऱ्या. ही सगळी जमीन एकेकाळी कोकम्सच्या गोदीची होती हे कळलं आणि मी त्या कंपनीबद्दल मिळेल ते वाचत सुटले. त्याचं कारण तुम्हाला सांगायला नको. आपल्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील गिरणीत होते, नाहीतर गोदीत. १९८२ चा संप सुरू झाला तेव्हा आपण चार वर्षांचे होतो. मोठा उद्योग बसतो म्हणजे काय होतं, हे इतिहासाच्या पुस्तकात येण्याआधीच आपण एकमेकांच्या घरी पाहिलं होतं.

तंबाखूतून पोलादाकडे

फ्रान्स हेनरिक कोकुम हा माल्मोचा तंबाखूचा व्यापारी. तंबाखूत कमावलेला पैसा त्याने लोखंडात घातला आणि १८४० मध्ये ओतकामाचा कारखाना काढला. सुरुवातीचा माल अगदी घरगुती होता : शेगड्या, शेतीची अवजारं, ओतीव लोखंडाच्या वस्तू. पुढे रेल्वेचे डबे आले, पूल आले, आणि १८७० च्या सुमारास जहाजं. पहिल्या महायुद्धाच्या काळात कोकम्स पाणबुड्याही बांधू लागली.

कंपनीचे खरे दिवस आले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. स्वीडन युद्धात उतरला नव्हता, त्यामुळे त्याच्या गोद्या शाबूत राहिल्या. जर्मनीच्या गोद्या उद्ध्वस्त झाल्या होत्या आणि ब्रिटनच्या गोद्या जुन्या यंत्रांवर, जुन्या पद्धतींवर चालत होत्या. युद्धात बुडालेली जहाजं भरून काढायची होती, तेलाचा व्यापार वाढत होता, आणि शेजारचे नॉर्वेजियन जहाजमालक ऑर्डरी घेऊन दारात उभे होते. माल्मोतल्या गोदीने रिव्हेट सोडून वेल्डिंग धरलं. जहाजाचे मोठमोठे भाग आधी वेगळे तयार करायचे आणि मग धक्क्यावर आणून जोडायचे, ही पद्धत बसवली. १९५० आणि ६० च्या दशकांत कोकम्सची गणना जगातल्या सर्वांत मोठ्या गोद्यांत होत असे. ऐंशी लाखांच्या आसपास वस्तीचा हा देश काही वर्षं तर जहाजबांधणीत जपानच्या खालोखाल दुसऱ्या क्रमांकावर होता.

भरभराटीच्या काळात गोदीत सुमारे सहा हजार माणसं कामाला होती. स्वीडिश कामगार पुरेनात म्हणून फिनलंडहून, युगोस्लाव्हियाहून माणसं आली. शहराची ओळखच गोदी होती. कोकणातून बोटीने येऊन लालबाग-परळच्या खोल्यांत गाळा धरणाऱ्या आपल्या आजोबांची पिढी आठवा, म्हणजे तिथलं चित्र समजायला वेळ लागणार नाही.

जमिनीवर आखलेलं जहाज

आता थोडं माझ्या धंद्याच्या जवळचं.

जहाजाचा पृष्ठभाग सगळीकडून वळलेला असतो. लहान नकाशात केसाएवढी चूक झाली तर प्रत्यक्ष पत्र्यात ती वीतभर होते. म्हणून पूर्वी प्रत्येक गोदीत एक अवाढव्य दालन असे. त्याच्या लाकडी जमिनीवर जहाजाच्या फासळ्यांच्या रेषा खऱ्या मापात आखत. लाकडाची लांब, लवचिक पट्टी घ्यायची, शिशाच्या वजनांनी ती ठिकठिकाणी दाबून धरायची, आणि पट्टी आपसूक जो बाक घेईल तो खडूने उतरवायचा. मग आखणारा माणूस गुडघ्यांवर बसून, डोळा जमिनीला लावून तो बाक न्याहाळायचा. कुठे खोच दिसली की वजन थोडं सरकवायचं. रेषा मनासारखी आली की तिच्यावरून लाकडी फर्मे कापायचे आणि फर्म्यांवरून पोलाद.

या पट्टीला इंग्रजीत 'स्प्लाइन' म्हणतात. आपल्यातले जे संगणकावर चित्रं काढतात, मोटारींचे सुटे भाग बेततात किंवा ॲनिमेशन करतात, ते हा शब्द रोज वापरतात. संगणकावर गुळगुळीत वक्ररेषा काढण्याच्या गणिताचं हे नाव गोदीतल्या त्या लाकडी पट्टीवरून पडलं आहे. इंजिनिअरिंगला असताना मी स्प्लाइनची समीकरणं पाठ केली, परीक्षेत लिहिलीही. ती एका कारागिराच्या गुडघ्यांवरच्या कामातून आली आहेत हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

कोकम्सने हे काम संगणकावर फार लवकर आणलं. पत्रा कापणारी यंत्रं आकड्यांवर चालवता येतात हे दिसल्यावर तिथल्या इंजिनिअरांनी १९६० आणि ७० च्या दशकांत 'स्टीअरबेअर' नावाची प्रणाली उभी केली. जहाजाचा आकार संगणकात भरायचा, प्रत्येक पत्र्याचा कट त्यातून काढायचा आणि तो थेट यंत्राला द्यायचा. आखणीच्या दालनातलं ज्ञान अशा रीतीने प्रोग्रॅममध्ये उतरलं. त्या वेळी हे गोदीच्या सोयीसाठी केलेलं आतलं काम होतं. शहराच्या अभिमानाची वस्तू वेगळीच होती.

आकाशातली कमान

१९६७ च्या युद्धात सुएझ कालवा बंद झाला आणि १९७५ पर्यंत बंदच राहिला. आखातातलं तेल युरोपात आणायला आफ्रिकेला वळसा घालावा लागू लागला. एवढा लांबचा पल्ला परवडायचा तर जहाज प्रचंड हवं. मागणी अडीच लाख टनांच्या तेलवाहू जहाजांची झाली, मग त्याहून मोठ्यांची. कोकम्सने आपली सगळी गोदी या एका मालासाठी सजवली. एकाच आकाराची जहाजं, एकामागून एक, कारखान्यातून मोटारी निघाव्यात तशी.

त्यासाठी १९७३-७४ मध्ये क्रेन उभी राहिली. उंची १३८ मीटर, म्हणजे आपल्या राजाबाई टॉवरच्या दीडपटीहून जास्त. दोन पायांमधलं अंतर १७४ मीटर. उचलण्याची ताकद १,५०० टन, म्हणजे दीडेक हजार छोट्या मोटारी एका दमात. शहरात कुठूनही ती दिसायची. ओरेसुंदची सामुद्रधुनी ओलांडून येणाऱ्याला माल्मो म्हणजे आधी ती कमान दिसे आणि मग शहर.

आणि नेमक्या त्याच वेळी, ऑक्टोबर १९७३ मध्ये, पश्चिम आशियात पुन्हा युद्ध पेटलं. काही महिन्यांत तेल पिंपाला तीन डॉलरवरून बारा डॉलरच्या घरात गेलं. तेलाचा वापर घटला आणि तेलवाहू जहाजांची गरजच उरली नाही. मागवलेली जहाजं रद्द होऊ लागली. जी बांधून झाली होती त्यांतली काही कोरी करकरीत जहाजं नॉर्वेच्या खाड्यांमध्ये नांगर टाकून पडून राहिली.

तिकडे दक्षिण कोरियात उल्सानच्या किनाऱ्यावर ह्युंदाईच्या चुंग जू-युंग यांनी १९७२ मध्ये गोदीचं काम सुरू केलं होतं. जहाज बांधण्याचा काडीचाही अनुभव नसताना त्यांनी ब्रिटिश बँकेचं कर्ज उभं केलं आणि ग्रीक मालकाकडून दोन तेलवाहू जहाजांची ऑर्डर मिळवली. गोदी आणि जहाजं एकाच वेळी बांधली गेली, आणि जून १९७४ मध्ये दोन्हींचा समारंभ एकदमच झाला. माल्मोची कमान आणि उल्सानची गोदी अशा एकाच वयाच्या आहेत.

घसरण

कोकम्स एका दिवसात बुडाली नाही. हातातल्या ऑर्डरींवर दोन-तीन वर्षं निघाली. साडेतीन लाख टनांच्या आसपासची जहाजं १९७० च्या दशकाच्या मध्यावरही पाण्यात उतरत होती. पुढे गिऱ्हाईक नव्हतं. द्रवरूप वायू वाहणारी जहाजं करून पाहिली, फेरी बोटी केल्या. जपान स्वस्त होता आणि कोरिया त्याहून स्वस्त.

सरकारने हात दिला. त्यात एक गंमत आहे. १९७६ मध्ये स्वीडनमध्ये ४४ वर्षांनी सोशल डेमोक्रॅट पक्षाची सत्ता गेली. त्यानंतर आलेल्या उजवीकडच्या पक्षांनी गोद्यांचं राष्ट्रीयीकरण केलं! १९७७ मध्ये 'स्वेन्स्का वार्व' ही सरकारी कंपनी निघाली आणि १९७९ मध्ये कोकम्सही तिच्या पोटात गेली. गोटेबर्गच्या मोठ्या गोद्या एकेक करून मिटत गेल्या. १९८४ च्या डिसेंबरात सालेन ही स्वीडनची बडी जहाज कंपनी दिवाळखोरीत गेली. ती कोकम्सची जुनी गिऱ्हाईक होती. अखेर १९८६ मध्ये, कामगारांचा म्हणवणारा सोशल डेमोक्रॅट पक्ष पुन्हा सत्तेवर असताना, माल्मोत व्यापारी जहाजं बांधणं थांबवायचा निर्णय झाला. फक्त पाणबुड्यांचं काम राहणार होतं.

शेवटचं व्यापारी जहाज अमेरिकन कार्निव्हल कंपनीसाठी बांधलेलं प्रवासी जहाज होतं. १९८७ मध्ये ते गिऱ्हाइकाच्या ताब्यात गेलं. त्याचं नाव 'सेलिब्रेशन', म्हणजे उत्सव.

कोणी गाढवपणा केला म्हणून हे झालं का? मला तसं वाटत नाही. उलट माल्मोतली माणसं आपल्या कामात जगात वरच्या फळीची होती. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला ऑप्टिमायझेशन म्हणतो ते त्यांनी फार उत्तम केलं. एका मालासाठी, एका बाजारासाठी, चढत्या मागणीच्या एका काळासाठी गोदीचा कण न् कण घोटून बसवला. असं घोटून बसवलेलं यंत्र दुसऱ्या कामाला लवकर वळत नाही. हे मी यंत्राबद्दल म्हणते आहे, पण चाळिशी ओलांडलेल्या माणसाला ते स्वतःबद्दलही वाटून जातं. आज आमच्या धंद्यात कोड लिहिणारी यंत्रं आली आहेत आणि माझ्या पुढच्या-मागच्या टेबलांवरचे चेहरे बदलत आहेत. कोकम्सची गोष्ट मी निव्वळ कुतूहलाने वाचली असं म्हटलं तर ते खरं होणार नाही.

कोणाच्या वाट्याला काय आलं

कंपनी गेल्यावर तिच्या एकेका वस्तूचा माग काढणं हा माझा छंदच झाला. काय काय सापडलं ते सांगते.

जमीन. गोदीच्या जागेवर साबच्या मोटारींचा कारखाना आला. १९८९ मध्ये सुरू झाला आणि १९९१ मध्ये बंद पडला. गोदीवाल्यांना दाखवलेली आशा दोन वर्षंच टिकली. पाठोपाठ देशभर मंदी आली आणि माल्मोत हजारो नोकऱ्या गेल्या. शहराने मग वेगळी वाट धरली. १९९८ मध्ये नव्या विद्यापीठासारखी उच्चशिक्षण संस्था काढली. २००० मध्ये कोपनहेगनला जोडणारा ओरेसुंदचा पूल खुला झाला. २००१ मध्ये गोदीच्या परिसरात पर्यावरणाला जपणाऱ्या घरांचं प्रदर्शन भरवून नवी वस्ती सुरू केली. आपल्या गिरण्यांच्या जमिनींवर काय उभं राहिलं ते आपण लोकलमधून रोज पाहतो. माल्मोतली वस्तीही श्रीमंतांचीच झाली असं तिथले लोक म्हणतात, आणि भाडी पाहिली तर ते खोटं नाही. तरी जुन्या गोदीच्या परिसरात तरुण मुलं दप्तरं घेऊन कॉलेजला जाताना दिसतात, एवढा फरक मला जाणवला.

क्रेन. ती आधी कोपनहेगनच्या एका गोदीला विकली गेली होती, पण ती गोदीच दिवाळखोरीत गेली. १९९७ मध्ये ओरेसुंदच्या पुलाच्या उंच खांबांच्या पायासाठी क्रेन शेवटची हलली. मग २००२ मध्ये तिचे तुकडे करून जहाजावर चढवले आणि ती उल्सानला गेली, ह्युंदाईकडे. किंमत एक डॉलर. उतरवण्याचा आणि नेण्याचा खर्च घेणाऱ्याचा. ती जाताना माल्मोकरांचे डोळे ओलावले म्हणतात. कोरियात तर तिचं नावच पडलं 'माल्मोचे अश्रू'. तीन वर्षांनी त्याच भागात टर्निंग टोर्सो हा १९० मीटरचा पिळदार मनोरा उभा राहिला आणि शहराला नवं शिखर मिळालं.

गंमत पुढेच आहे. २०१६ च्या सुमारास कोरियाच्या जहाजबांधणीलाच मंदीने गाठलं. उल्सानच्या कामगारांच्या नोकऱ्या जाऊ लागल्या. तिथली वर्तमानपत्रं मग आपल्याच शहरांसाठी 'माल्मोचे अश्रू' हे शब्द वापरू लागली.

शेवटचं जहाज. 'सेलिब्रेशन'ने तीस-पस्तीस वर्षं नावं आणि मालक बदलत समुद्र पालथे घातले. २०२१ च्या सुरुवातीला ते मोडण्यासाठी किनाऱ्यावर चढवलं गेलं, आणि तो किनारा आपल्या शेजारचा : गुजरातमधलं अलंग. माल्मोच्या वेल्डरांनी जोडलेले सांधे भारतीय मजुरांनी गॅसकटरने कापले.

पाणबुड्या. त्यांचं काम टिकलं, आता कार्ल्सक्रोनाच्या तळावर. स्टर्लिंग इंजिनामुळे दीर्घकाळ पाण्याखाली राहणारी 'गोटलांड' पाणबुडी २००५ पासून सरावासाठी अमेरिकेत होती. तिला शोधताना अमेरिकन आरमाराची चांगलीच दमछाक झाली. मधल्या काळात कंपनी जर्मनांच्या हाती गेली होती. २०१४ मध्ये स्वीडनच्या साबने ती परत घेतली.

आणि तो प्रोग्रॅम. गोदी बंद झाली तरी कोकम्सचा संगणक विभाग वेगळी कंपनी म्हणून चालू राहिला. त्याने नॉर्वेची 'ऑटोकॉन' ही प्रणाली घेतली आणि दोन्हींच्या मुशीतून 'ट्रायबॉन' हे सॉफ्टवेअर तयार केलं. जगभरच्या गोद्या जहाजांचे आराखडे त्यावर करू लागल्या. त्यात कोरियातल्या बड्या गोद्याही होत्या. ज्यांच्यामुळे माल्मोचं गिऱ्हाईक गेलं त्यांनी पुढे जहाजं आखली ती माल्मोच्या शहाणपणावर. २००४ मध्ये इंग्लंडच्या अवेवा कंपनीने ट्रायबॉन विकत घेतलं. आपल्या माझगाव डॉकमध्येही हे सॉफ्टवेअर वापरलं गेलं. आपल्या वर्गातल्या ज्यांचे वडील तिथे होते, त्यांच्या घरी कदाचित हा शब्द कानांवरून गेलाही असेल.

शेवटी

या सगळ्यांत सर्वांत जास्त टिकलं ते लोखंड नव्हे, काम करण्याची रीत टिकली. हे वाचून माझ्यासारखीला बरं वाटायला हवं, आणि वाटलंही. पण त्याला दुसरी बाजू आहे. ती रीत टिकली कारण क्रेन दिमाखात उभी असतानाच कोणीतरी शांतपणे बसून ती उतरवून घेतली होती. आणि टिकली तरी ती ज्याच्या गुडघ्यांतून आली त्या माणसाकडे राहिली नाही. लाकडी पट्टी वाकवणाऱ्याचं नाव कोणत्याही प्रोग्रॅममध्ये नाही. स्वीडनमध्ये बेकारी भत्ता होता, नवं काम शिकवणारे वर्ग होते, म्हणून तिथे घरं उपाशी राहिली नाहीत. पन्नाशीच्या वेल्डरला त्याचं कसब मात्र कोणी परत दिलं नाही.

आपल्या वडिलांचं आणि काकांचं काय टिकलं? तुटलेला धागा चालत्या साच्यावर चुटकीसरशी कसा जोडायचा, आवाजावरून साच्याचा बिघाड कसा ओळखायचा, जॉबर बदलीवाल्याची परीक्षा कशी घ्यायचा, रात्रपाळीत झोप कशी मारायची. संपाबद्दल, नेत्यांबद्दल, जमिनींच्या व्यवहारांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. त्या कामाबद्दल फार थोडं.

म्हणून माझी एक विनंती आहे. आपल्यापैकी ज्यांच्या घरी गिरणीत किंवा गोदीत काम केलेलं माणूस आज हयात आहे, त्यांनी एक दुपार काढावी. सुखदुःखं विचारू नका, ती ते आपणहून सांगतील. काम विचारा. पाळी सुरू झाली की हात आधी कुठे जायचा, कोणतं हत्यार, कसं धरायचं, नवख्याची काय चूक व्हायची. मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि मला पाठवा. लिहून काढण्याचं, जुळवण्याचं काम माझ्याकडे. पुढच्या मेळाव्यापर्यंत एक पुस्तिका तयार करू. आपल्या शिक्षकांनी शुद्धलेखन तपासून द्यावं एवढीच त्यांना अट.